आवाज येतो, पण शब्द कळत नाही: घरातील ज्येष्ठांची श्रवणहानी समजून घेऊन काय करावे

पासष्टी ओलांडलेली व्यक्ती जेव्हा "तुझा आवाज येतो, पण तू काय म्हणतोस ते कळत नाही" असे सांगते, तेव्हा घरातील माणसे बहुधा आवाज चढवतात. आवाज चढवूनही उत्तर भलतेच आले, की बोलणाऱ्याला वाटू लागते की समोरच्याचे लक्ष नाही, स्मरणशक्ती ढळली आहे किंवा त्यांना हवे तेवढेच बरोबर ऐकू येते. हे तिन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचे असतात. ज्येष्ठांनी उच्चारलेले ते वाक्य वयोमानाने येणाऱ्या श्रवणहानीचे अचूक वर्णन असते, कारण या श्रवणहानीत आवाजाचा जोर कमी होतोच, परंतु त्याहून अधिक नुकसान आवाजातील बारकाव्यांचे होते. हे मार्गदर्शन अशा व्यक्तीच्या मुलांसाठी, सुनांसाठी, जोडीदारासाठी आणि अर्थातच स्वतः त्या व्यक्तीसाठी आहे. कानात नेमके काय बिघडते हे आधी नीट समजून घेतले, तर पुढील सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. प्रसंग पडला की त्या स्वतःहून सुचतात.

आवाज मेंदूपर्यंत कसा पोहोचतो

बोलणाऱ्याच्या तोंडातून निघालेल्या हवेच्या लहरी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या कर्णनलिकेतून कानाच्या पडद्यावर आदळतात आणि पडदा कंप पावतो. पडद्याला हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे जोडलेली असतात. त्यांपैकी रिकीब हे आपल्या शरीरातील सर्वांत लहान हाड आहे. या हाडांचे काम समजण्यासारखे आहे. अंतर्कर्ण द्रवाने भरलेला असतो, आणि हवेतील लहर थेट द्रवावर आदळली तर तिची जवळजवळ सर्व ऊर्जा परत फिरते. पडद्याचे क्षेत्रफळ रिकिबीच्या तळव्याच्या सुमारे सतरा ते वीस पट असल्यामुळे मोठ्या पृष्ठभागावरचा दाब लहान पृष्ठभागावर एकवटतो, आणि लहर द्रवात शिरण्याइतकी बळकट होते. मध्यकर्णात पू झाला, पडद्याला छिद्र पडले किंवा रिकीब आपल्या जागी घट्ट बसून हलेनाशी झाली, की ही व्यवस्था कोलमडते. अशा वेळी आवाज केवळ हळू येतो. तो विस्कटत नाही. या प्रकारच्या श्रवणहानीवर औषधाने किंवा शस्त्रक्रियेने पुष्कळदा इलाज होऊ शकतो.

अंतर्कर्णात कॉक्लिया नावाची, सुमारे अडीच वेढ्यांची शंखाकृती नळी असते. ती उलगडली तर तिची लांबी साधारण ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या आत लांबीभर पसरलेल्या पातळ पडद्यावर आवाजाचे पृथक्करण होते: नळीच्या तोंडाशी उंच स्वर, टोकाशी खालचे स्वर, आणि मधल्या जागी मधले स्वर कंप निर्माण करतात. हार्मोनियमच्या पट्ट्या जशा खर्जापासून तारसप्तकापर्यंत ओळीने मांडलेल्या असतात, तशीच ही मांडणी आहे. या पडद्यावर लहर कशी प्रवास करते हे हंगेरीत जन्मलेल्या गेओर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

याच पडद्यावर केशपेशी असतात, आणि आपल्या विषयाचे मर्म त्यांच्यात आहे. प्रत्येक कानात सुमारे ३,५०० आतल्या आणि सुमारे १२,००० बाहेरच्या केशपेशी असतात. आतल्या पेशी कंपनाचे विद्युत्संदेशात रूपांतर करून श्रवणतंतूंमार्फत तो मेंदूकडे पाठवतात. बाहेरच्या पेशींचे काम निराळे आहे: आवाज क्षीण असेल तर त्या स्वतः आखडून-प्रसरून त्या जागेचे कंपन वाढवतात, आणि शेजारशेजारचे स्वर एकमेकांत मिसळू देत नाहीत. म्हणजेच जिवंत कानात आवाज वाढवणारी आणि त्याचे तपशील धारदार करणारी यंत्रणा जन्मतःच असते. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये असे दाखवले की या क्रियेमुळे निरोगी कानातून अतिशय मंद आवाज बाहेरही पडतो. आज नवजात बालकांची श्रवणचाचणी त्याच तत्त्वावर केली जाते. सस्तन प्राण्यांमध्ये केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोणतेही तेल, थेंब किंवा चूर्ण त्या परत आणू शकत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या जाहिरातींपासून ज्येष्ठांना आवर्जून दूर ठेवावे.

श्रवणहानीत काय हरवते

वाढते वय, वर्षानुवर्षांचा गोंगाट आणि काही औषधे यांमुळे नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी प्रथम झिजतात. जेन्टामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन यांसारखी इंजेक्शने आणि कर्करोगावरील सिसप्लॅटिन ही अशा औषधांची परिचित उदाहरणे आहेत. तोंडाशी उंच स्वरांची जागा असल्यामुळे उंच स्वर आधी जातात. बोलण्यात स्वराक्षरांचा जोर मुख्यतः खालच्या पट्टीत असतो. 'आ', 'ओ', 'ऊ' आणि त्यांच्या सोबतीला 'म', 'न' यांची गुणगुण खालीच वाजते. याउलट 'स'ची सीत्कारयुक्त हवा ४,००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या; आकडा जितका मोठा, तितका स्वर उंच) आसपास आणि त्याहून वर असते, आणि 'प', 'त', 'क' यांना एकमेकांपासून वेगळे करणाऱ्या खुणा सुमारे १,५०० हर्ट्झच्या वर, क्षणार्धात आणि क्षीणपणे येऊन जातात. स्वर आवाजाला भारदस्तपणा देतात, व्यंजने शब्दाला ओळख देतात. म्हणून आवाज पोहोचतो आणि शब्द हरवतो.

मराठीत याचे परिणाम कसे दिसतात ते पाहण्यासाठी एकच शब्दसमूह पुरेसा आहे: आठ, साठ, पाठ, ताठ, काठ, गाठ, माठ. यांतील पहिले व्यंजन नीट ऐकू आले नाही तर सगळेच 'आठ'च्या जवळपास ऐकू येतात. "साठ रुपये दे" याचे "आठ रुपये दे" होते. "पाठ दुखते" आणि "गाठ दुखते" यांत फरक उरत नाही, आणि डॉक्टरांसमोर हा फरक किरकोळ नसतो. शिवाय आपल्या भाषेत वाक्याचा सांधा प्रत्ययांवर असतो. 'पुण्यात', 'पुण्याचा', 'पुण्यास' यांतील भेद शब्दाच्या शेवटी, जिथे बोलणाऱ्याचा श्वास संपत आलेला असतो तिथे, एका दुबळ्या व्यंजनाने दाखवला जातो. ते अक्षर निसटले की कोण कोठून कोठे गेले हे कळेनासे होते, आणि ऐकणारा उरलेल्या तुकड्यांवरून अंदाज बांधत राहतो.

दुसरा बदल अधिक दुर्लक्षित आहे. बाहेरच्या केशपेशी क्षीण आवाज वाढवतात, मोठा आवाज वाढवत नाहीत. त्या गेल्या की हळू आवाज ऐकूच येत नाही. मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच, कधीकधी अधिक, त्रासदायक वाटतो. ऐकू येण्याची सुरुवात आणि कानठळ्या बसण्याची मर्यादा यांच्यामधला टप्पा आखडतो. आजी "जरा मोठ्याने बोल" म्हणतात, आणि दुसऱ्याच क्षणी "ओरडू नकोस, मी काही बहिरी नाही" म्हणतात, तेव्हा त्या हट्टीपणा करत नसतात. दोन्ही वाक्ये त्यांच्या कानाच्या दृष्टीने खरी असतात.

तिसरा बदल गर्दीत जाणवतो. शेजारशेजारचे स्वर वेगळे ठेवणारी यंत्रणा नसल्यामुळे पंख्याची घरघर, मिक्सर, दूरचित्रवाणीवरील मालिका आणि समोरच्या माणसाचे बोलणे एकमेकांत कालवले जाते. निरोगी ऐकण्यात दोन्ही कानांवर आवाज पोहोचण्याच्या वेळेतील फरक, जो एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, मेंदू मोजतो आणि त्यावरून हवा तो आवाज निवडतो. कानाकडून येणारी माहितीच विस्कळीत असेल तर ही निवड जमत नाही. म्हणूनच दुपारी शांत खोलीत व्यवस्थित गप्पा मारणारे आजोबा लग्नाच्या मांडवात एका कोपऱ्यात गप्प बसतात. अंदाज बांधत ऐकणे हे थकवणारे काम आहे, आणि संध्याकाळपर्यंत तो थकवा साचलेला असतो. महत्त्वाचे बोलणे सकाळी करावे, हा साधा नियम त्यातूनच येतो.

आधी तपासणी, मग बाकी सारे

प्रथम कान-नाक-घसातज्ज्ञांकडून कान तपासून घ्यावेत. कानात मळ घट्ट बसला असेल तर तो काढताच निम्मी तक्रार मिटू शकते, आणि तो न पाहताच श्रवणयंत्र विकत घेणे म्हणजे पैसा वाया घालवणे आहे. काडी, हेअरपिन, कापसाचे बोळे लावलेल्या काड्या, गरम तेल आणि रस्त्यावर कानातील मळ काढून देणारे, या सर्वांना स्पष्ट नकार द्यावा. मळ आत ढकलला जातो आणि पडद्याला इजा होण्याचा धोका असतो.

काही लक्षणांत वाट पाहू नये. एका कानाने काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. 'दडा बसला असेल, सर्दी उतरली की सुटेल' असे म्हणून आठवडा घालवल्यास उपचाराची उत्तम संधी हातातून जाते. कान वाहणे, चक्कर येणे, चेहऱ्याचा एक भाग लुळा वाटणे, किंवा केवळ एकाच कानात सतत आवाज येणे आणि त्याच कानाने कमी ऐकू येणे, हीदेखील लवकर दाखवण्याची लक्षणे आहेत. वयोमानाने येणारी श्रवणहानी साधारणतः दोन्ही कानांत सारखी आणि हळूहळू येते. तिच्यात काहीही अचानक नसते.

यानंतर श्रवणतज्ज्ञाकडे, म्हणजे ऑडिऑलॉजिस्टकडे, ध्वनिरोधक खोलीत चाचणी होते. हेडफोनमधून वेगवेगळ्या उंचीचे मंद स्वर ऐकवले जातात आणि अगदी पुसट ऐकू आला तरी रुग्णाने बटण दाबायचे असते. घरातून निघण्यापूर्वीच हे ज्येष्ठांना समजावून सांगावे, कारण पुष्कळजण स्वर 'स्पष्ट' ऐकू येईपर्यंत थांबतात आणि चाचणीच्या निकालाचा आलेख उगाच वाईट येतो. कानामागच्या हाडावर कंपक ठेवून दुसरी चाचणी होते, जेणेकरून दोष मध्यकर्णात आहे की अंतर्कर्णात, हे कळते. तिसरी चाचणी शब्दांची असते: सुखद वाटेल इतक्या मोठ्या आवाजात शब्द ऐकवून ते परत म्हणायला सांगितले जातात आणि किती टक्के बरोबर आले ते पाहिले जाते. ही शब्दचाचणी टाळू देऊ नये, आणि ती मातृभाषेतील शब्दांवरच व्हावी असे आधी विचारून घ्यावे. मराठीत वाढलेल्या माणसाला इंग्रजी शब्द ऐकवून काढलेला आकडा कानाबद्दल कमी आणि शाळेबद्दल अधिक सांगतो.

विसराळूपणासाठी डॉक्टरांकडे नेण्याचा विचार असेल, तर त्याआधी श्रवणचाचणी करून घ्यावी. स्मरणशक्तीच्या अनेक चाचण्या तोंडी असतात, आणि प्रश्नच नीट ऐकू आला नाही तर उत्तर चुकणारच. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०१७ च्या अहवालापासून श्रवणहानीची गणना डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या), उपाय करता येण्याजोग्या, जोखीम-घटकांत केली आहे; तथापि श्रवणयंत्र लावले म्हणजे डिमेन्शिया होणारच नाही, असा त्याचा अर्थ कोणीही काढू नये.

हाती आलेला आलेख कसा वाचावा

आलेखाच्या वरच्या कडेवर डावीकडून उजवीकडे २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंत स्वरांची उंची असते, आणि वरून खाली डेसिबल, म्हणजे आवाजाच्या जोराचे माप, वाढत जातात. खूण जितकी खाली, तितका मोठा आवाज केल्यावर ऐकू आले असा तिचा अर्थ. उजव्या कानासाठी लाल वर्तुळ आणि डाव्यासाठी निळी फुली वापरतात. बोलण्याच्या संदर्भात डेसिबलचा अंदाज असा ठेवावा की एक मीटरवरून होणारे नेहमीचे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते आणि पुटपुटणे ३० च्या आसपास असते.

आता एक नमुना घेऊ. समजा ५०० हर्ट्झला २५, १,००० ला ३५, २,००० ला ५५, ४,००० ला ७० डेसिबल अशी उतरती रेषा आहे. अहवालात पुष्कळदा पहिल्या तीन आकड्यांची सरासरी लिहितात. ती ३८ येते आणि प्रचलित वर्गवारीनुसार २६ ते ४० म्हणजे 'सौम्य' असा शेरा पडतो. घरचे निश्चिंत होतात. परंतु ४,००० हर्ट्झला ७० डेसिबल याचा अर्थ नेहमीच्या बोलण्यातील 'स' या व्यक्तीपर्यंत पोहोचतच नाही. माझ्या मते कुटुंबाने सरासरीकडे पाहण्याआधी रेषेचा उतार पाहावा. उतार जितका तीव्र, तितका 'आवाज येतो, शब्द कळत नाही' हा अनुभव तीव्र. आलेखाची प्रत घरी जपून ठेवावी आणि दरवर्षीची नवी प्रत तिच्याशी ताडून पाहावी.

घरातले बोलणे कसे बदलावे

यंत्र घ्यायचे ठरो वा न ठरो, पुढील बदल आजपासून करता येतात आणि त्यांना खर्च नाही. माझ्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण उत्तम यंत्रही वाईट पद्धतीने बोललेले वाक्य सुधारू शकत नाही.

आधी लक्ष वेधून घ्यावे आणि मग बोलावे. "आई," अशी हाक मारून तिची नजर आपल्याकडे वळेपर्यंत थांबावे. स्वयंपाकघरातून बैठकीत, पाठमोरे उभे राहून किंवा मोबाईलमध्ये पाहत बोललेले वाक्य बोललेच नाही असे समजावे. साधारण एक मीटर अंतरावर, समोरासमोर, डोळ्यांच्या पातळीवर बसावे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. खोलीत हा लाभ थोडा कमी असला तरी जवळ जाणे हे ओरडण्यापेक्षा नेहमीच श्रेयस्कर असते, कारण जवळ गेल्याने बोलणेच तेवढे वाढते, मागचा गोंगाट वाढत नाही.

उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडायला हवा. खिडकीकडे पाठ करून बसल्यास चेहरा काळवंडतो आणि ओठ दिसत नाहीत. ओठ दिसणे ही केवळ सोय नाही, तिच्यामागे एक विलक्षण उपयुक्त योगायोग आहे. 'पाठ', 'ताठ', 'काठ' हे कमजोर कानाला सारखेच ऐकू येतात, पण 'प'ला ओठ मिटतात, 'त' आणि 'क'ला मिटत नाहीत, हे डोळ्यांना सहज दिसते. उलट 'पाठ' आणि 'माठ' ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात, पण 'म'ची गुणगुण खालच्या पट्टीत असल्यामुळे ती उतरत्या आलेखाच्या कानालाही ऐकू येते. कान जे गमावतो ते बहुतांशी डोळे देऊ शकतात, आणि डोळ्यांना जे दिसत नाही ते बहुतांशी कानात शिल्लक असते. म्हणून बोलताना तोंडावर हात ठेवू नये, तोंडात घास किंवा पान ठेवू नये, आणि ज्येष्ठांच्या चष्म्याचा नंबर वेळेवर तपासावा. श्रवणहानी असलेल्या माणसाचा चष्मा हे त्याचे ऐकण्याचेही साधन असते.

ओरडू नये. ओरडताना आपण स्वर मोठे करतो, व्यंजनांचा जोर त्या प्रमाणात वाढत नाही. जे आधीच ऐकू येत होते ते कानाला टोचू लागते आणि जे हरवत होते ते हरवतच राहते. शिवाय ओरडताना चेहरा रागावलेला दिसतो आणि ओठांचे आकार बिघडतात. नेहमीपेक्षा किंचित मोठा, स्थिर आवाज ठेवून गती थोडी कमी करावी आणि वाक्यातील अर्थाच्या तुकड्यांमध्ये क्षणभर थांबावे: "उद्या सकाळी... डॉक्टरांकडे... दहा वाजता जायचे आहे." प्रत्येक अक्षर तोडून बोलणे मात्र टाळावे, कारण त्याने बोलण्याची लय नाहीशी होते, आणि मेंदू अंदाज बांधताना त्या लयीचाच आधार घेत असतो.

विषय आधी सांगावा. "बाबा, गॅसच्या सिलिंडरबद्दल विचारायचे आहे" एवढे सांगितले की त्यांच्या मनात संभाव्य शब्दांचा संच तयार होतो, आणि पुढचे निम्मे शब्द निसटले तरी अर्थ लागतो. विषय बदलला तर तेही सांगावे. एखादे वाक्य दोनदा सांगूनही कळले नाही, तर तेच तिसऱ्यांदा म्हणू नये, शब्द बदलावेत. "पाट आण" कळले नसेल तर "बसायला लाकडी पाट लागेल" असे म्हणावे. लांब वाक्याला आधार अधिक असतो, म्हणून एकाक्षरी किंवा तुटक बोलण्यापेक्षा पूर्ण, साधे वाक्य चांगले.

आकड्यांबाबत विशेष काळजी घ्यावी. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर', 'सहा' आणि 'दहा' यांची गल्लत औषधाच्या मात्रेत किंवा गाडीच्या वेळेत झाली तर महागात पडते. दोन अंकी संख्या अंक सुटे करून पुन्हा सांगावी, बोटांवर दाखवावी किंवा कागदावर लिहून द्यावी. औषधांच्या वेळा, पत्ते आणि नावे तर लिहूनच द्यावीत. ऐकले की नाही याची खात्री "कळले ना?" असे विचारून करू नये. त्यावर संकोचाने 'हो' येते. "मग आपण किती वाजता निघायचे?" असे विचारले की खरे काय ते लगेच समजते.

"जाऊ द्या, काही विशेष नाही" हे वाक्य घरातून हद्दपार करावे. सगळे हसत असताना आपणच का हसत नाही हे विचारल्यावर मिळालेले हे उत्तर माणसाला दुखावते, आणि असे पुन्हा पुन्हा घडले की तो विचारणे सोडून देतो. विनोद छोटा असला तरी तो पुन्हा सांगावा.

ज्येष्ठांनी स्वतःही एक सवय लावून घ्यावी. नुसते "काय?" म्हटले की समोरचा तेच वाक्य वरच्या पट्टीत फेकतो. त्याऐवजी कळलेला भाग सांगून न कळलेला विचारावा: "सुनीलकडे जायचे ते समजले, पण कोणत्या वारी?" समोरच्याला नेमका एक शब्द दुरुस्त करायचा असतो, आणि संभाषणाचा धागा तुटत नाही.

खोलीचाही विचार करावा. गुळगुळीत फरशी, मोकळ्या भिंती आणि काचेच्या खिडक्या आवाज परत फेकतात, आणि तो घुमणारा आवाज पुढच्या शब्दावर पसरतो. जाड पडदे, सतरंजी, कापडी बैठक यांनी फरक पडतो. बोलताना दूरचित्रवाणी बंद करावी, नुसती हळू करू नये. समारंभात ज्येष्ठांना भिंतीकडे पाठ करून, ध्वनिवर्धकापासून दूर आणि ओळखीच्या एक-दोघांच्या समोर बसवावे. साध्या फोनपेक्षा चेहरा दिसणारा व्हिडिओ कॉल पुष्कळ सोपा जातो. परदेशात असलेल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

श्रवणयंत्र घेताना आणि लावताना

यंत्र घ्यायचे ते चाचणीच्या आलेखानुसार बसवून देणाऱ्या श्रवणतज्ज्ञाकडूनच घ्यावे. ऑनलाइन मिळणारी स्वस्त ध्वनिवर्धक उपकरणे सर्व स्वर सारखेच वाढवतात. म्हणजे ज्या खालच्या पट्टीत ऐकू येतेच आहे तिथे अधिक गोंगाट ओततात. चांगले डिजिटल यंत्र कोणता स्वर किती वाढवायचा हे आलेखावरून ठरवते आणि क्षीण आवाज अधिक, मोठा आवाज कमी वाढवते. बसवताना कानात बारीक नळी ठेवून पडद्याजवळचा प्रत्यक्ष आवाज मोजण्याची सोय आहे का, हे विचारावे. दोन्ही कानांत दोष असेल तर शक्यतो दोन यंत्रे घ्यावीत, कारण दिशा आणि गर्दीतील बोलणे ओळखण्यासाठी दोन्ही कान लागतात. पैशांची अडचण असेल तर महागड्या एका यंत्रापेक्षा मध्यम किमतीची दोन बरी, असे मी सुचवेन.

पहिले काही आठवडे कठीण असतात आणि बहुतेक यंत्रे याच काळात कपाटात जातात. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज एकदम परत येतात: वर्तमानपत्राची सळसळ, भांड्यांचा खणखणाट, स्वतःचाच घुमणारा आवाज. यंत्राने आवाज परत दिला तरी मेंदूला त्यांतून निवड करण्याची सवय पुन्हा लावावी लागते. सुरुवातीला शांत घरात, एकाच व्यक्तीशी बोलताना, दिवसातून काही तास यंत्र लावावे. नंतर वेळ वाढवत संपूर्ण दिवसावर यावे. बाजार आणि लग्नसमारंभ शेवटी. काय त्रास होतो ते वहीत प्रसंगासह लिहून ठेवावे, म्हणजे "नीट नाही" याऐवजी "कुकरची शिट्टी टोचते, नातीचा आवाज अजून पुसट येतो" असे तज्ज्ञाला सांगता येते आणि तेवढीच दुरुस्ती करता येते. यंत्र शिट्टी मारत असेल तर बहुधा ते कानात नीट बसलेले नसते किंवा कानात मळ असतो.

घाम आणि दमट हवा हे यंत्राचे शत्रू आहेत, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तर विशेष. रात्री यंत्र आर्द्रता शोषणाऱ्या डबीत ठेवावे, आंघोळीपूर्वी काढावे, टोकावरील मळाची जाळी वेळोवेळी बदलावी. झिंक-एअर प्रकारच्या सेलवरील चिकटपट्टी काढल्यावर सेल लगेच न घालता एक-दोन मिनिटे हवेत ठेवावा. हे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. एखाद्याने गिळल्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. ज्यांना बोटांच्या कंपामुळे सेल बदलणे जमत नाही, त्यांच्यासाठी चार्ज होणारे यंत्र सोयीचे पडते.

शक्तिशाली यंत्र लावूनही शब्द कळत नसतील, तर कॉक्लियर इम्प्लांटविषयी, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवून श्रवणतंतूंना थेट विद्युत्संदेश देणाऱ्या उपकरणाविषयी, तज्ज्ञांना विचारावे. केवळ वय जास्त आहे म्हणून तो मार्ग बंद होत नाही.

खर्चासाठी काही दारे उघडी आहेत. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ पासून कार्यरत असलेल्या अली यावर जंग या वाणी व श्रवणदोषांविषयीच्या राष्ट्रीय संस्थेत तपासणी आणि यंत्रविषयक सेवा मिळतात. केंद्राच्या, दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या एडिप योजनेतून आणि २०१७ मध्ये ज्येष्ठांसाठी सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून पात्र व्यक्तींना श्रवणयंत्रे दिली जातात. पात्रतेच्या अटी जिल्हा रुग्णालयात किंवा समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्याव्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या स्वरांवर ६० ते ७० डेसिबलची हानी असल्यास व्यक्ती 'कमी ऐकू येणारी' आणि ७० डेसिबलची असल्यास 'बधिर' ठरते; म्हणून दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जाताना शब्दचाचणीसह ताजा आलेख सोबत न्यावा. यंत्र घेतल्यानंतरही वर्षातून एकदा चाचणी करून, नव्या आलेखानुसार तेच यंत्र पुन्हा जुळवून घ्यावे.